विनंती थांबा

"ऊठ. खुर्च्या पाव्हण्यांसाठी हायत."

सरपंचांचे चुलते, आबा, मला म्हणाले. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला एसटी सुरू झाली त्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून देवळापुढं कार्यक्रम होता. बारामतीहून आलेल्या त्या गाडीची कंडक्टर मी. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटाचं मशीन. शेजारच्या खुर्चीवर ड्रायव्हर शेखमामा, गळ्यात हार. त्यांना कुणी उठवलं नाही.

मी उठले. काही वाटलं नाही. रागसुद्धा आला नाही. पाय आपोआप मागं गेले, आमच्या बौद्धवस्तीतल्या बायका उभ्या होत्या तिथं.

आबांनी माइकवर गाडीचा इतिहास सांगितला. अर्ज कुणी केले, पुण्याला खेटे कुणी घातले. सगळी नावं त्यांच्या भावकीतली. काळ्या रानातून रस्ता कुणी केला, ते आलं नाही. मुरमाच्या पाट्या आमच्या वस्तीनं वाहिल्या. माझ्या आईनं मी पोटात असताना वाहिल्या. मग गाडी आली. ती वस्तीवरनं न थांबता सरळ देवळापाशी जायची. आई बारामतीला उभ्यानं जायची, सीट रिकामी असली तरी. पहिलीत असताना मी एकदा बसले. आबांनीच दंडाला धरून उठवलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

कार्यक्रम संपला. गाडी बारामतीला निघाली. आबा पुढच्या सीटवर. वस्तीपाशी म्हातारी पारूकाकू हात करून उभी होती, काखेत दवाखान्याची पिशवी. देवळापर्यंत चालणं तिला झेपलं नसणार.

दोन वर्षं मी याच गाडीवर. इथं एकदाही घंटी मारली नव्हती. मीसुद्धा. हे मला तेव्हा कळलं.

मी घंटी मारली. शेखमामांनी आरशात बघितलं आणि ब्रेक दाबला.

"हितं थांबा न्हाय," आबा म्हणाले.

"हाय. कागदावर विनंती थांबा हाय. हात केला की गाडी थांबती."

"कुणाला इचारून थांबवली?"

"कंडक्टर मी हाय, आबा."

पारूकाकू चढली आणि सवयीनं मागं निघाली. मी तिला आबांच्या शेजारी बसवलं. आबा ताडकन उठले.

"तक्रार करतो तुझी."

"करा. बिल्ला नंबर लिवून घ्या."

मी नंबर सांगितला. दोनदा.

तक्रार झाली. डेपोनं माझा लेखी जबाब मागितला. मी मुरमाचं लिहिलं, आईचं नाव लिहिलं. माफी लिहिली नाही. आता कदाचित मला दुसऱ्या मार्गावर टाकतील. टाकू देत. वस्त्या तिकडंही असतील. हात दिसला की मी गाडी थांबवणार.