खाली सही कुणाची?

"खाली सही कुणाची?" हा आमच्या ऑफिसातल्या काकांचा पहिला प्रश्न. मग ती बातमी असो की कँटीनच्या भिंतीवरची सूचना. आमच्या कोल्हापूरच्या दैनिकात ते मुद्रितशोधक होते. तपासलेल्या प्रत्येक प्रुफाखाली लाल शाईनं सही ठोकायचे. "चुकलं तर लोकांनी कुणाच्या दारात जायाचं? माझ्याच की!"

खुलासा छापायची वेळ आली, तर तो अंक घेऊन स्वतः त्या माणसाच्या घरी जायचे. उचगावात एकदा त्यांना आधी शिव्या मिळाल्या, मग जेवण. "दोन्ही पचलं," म्हणाले.

पुढं पेपरची वेबसाइट निघाली. तिच्यावर 'सर्वाधिक वाचलेलं' अशी एक चौकट होती आणि तिच्यात काय ठेवायचं ते मशीन ठरवायचं. गडहिंग्लजच्या एका शिक्षिकेनं खिचडीचा तांदूळ विकला, अशी बातमी आम्ही दिली होती. प्रुफाखाली सही काकांचीच. बातमी धादांत खोटी निघाली. खुलासा छापला, वेबसाइटवरही टाकला, पण चौकटीत जुनी बातमीच वर. बाईंना बाजारात तोंड दाखवणं मुश्कील झालं.

"काढा ती!" काका संपादकसाहेबांसमोर कडाडले.

"वर-खाली सिस्टिम करते हो. आणि लोक वाचतायत, तर काढायची कशाला?" साहेब म्हणाले.

मला अजून संताप येतो. सिस्टिम काय आभाळातून पडली होती? आणली कुणी, लावली कुणी?

काका रोज सकाळी ती बातमी उघडून बघायचे, आम्हालाही बोलवायचे. "हाय अजून! बघा की, तुमीबी बघा!" महिनाभर आम्ही सगळे बघत होतो. शेवटी कॉम्प्युटर विभागातली मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही सगळे उघडताय म्हणूनच ती वर राहतीया. कशाला उघडली ते मशीन इचारत न्हाय, नुसतं मोजतं."

काकांनी उघडलेली बातमी तिथंच बंद केली.

दुसऱ्या दिवशी खुलाशाच्या कागदावर लाल सही करून ते एसटीनं गडहिंग्लजला गेले. मीही बरोबर होतो. बाईंनी कागद वाचला, चहा दिला. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, ही सही तुमची. पण ती बातमी रोज वर कोण आणतंय, त्याची सही कुठं हाय?"

 

काकांना जाऊन आता वर्ष झालं. ती बातमी अजून वर आहे का, हे बघायला माझा हात शिवशिवतो. मी बघत नाही. बघितलं, की मशीन मलाही मोजणार.