चिखलाच्या सायकलला चिखल चालत नाही म्हणे!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

यंदा सायक्लोक्रॉसच्या शर्यतीत उतरायचंय. म्हणजे डांबर, गवत, चिखल सगळीकडून सायकल हाणायची आणि चालवता येत नाही तिथे खांद्यावर टाकून पळायचं. त्यासाठीची सायकल बघायला सकाळी हिंजवडीतल्या एका चकचकीत दुकानात गेलो.

एक आवडली. खांद्यावर कशी बसते बघायला उचलली, तर सेल्समन धावतच आला. "सर, खाली ठेवा! ओरखडे पडतील!"

म्हटलं, "बरं, नांदे-चांद्याच्या कच्च्या रस्त्याला एक चक्कर मारून आणतो."

"बेसमेंटच्या पार्किंगमध्येच चालवायची सर. आणि घेतल्यावरही चिखलात नेऊ नका, वॉरंटी जाते."

त्याच्या मागे भिंतभर पोस्टर. हीच सायकल खांद्यावर घेतलेला, नखशिखांत चिखलाने माखलेला गडी!

माझी गावची भाषा बाहेर आली. "मग ह्याची वॉरंटी गेली का न्हाई?"

"सर, ते फक्त जाहिरातीपुरतं असतं."

सायकल तिथेच ठेवून निघालो. आता तुम्हीच सांगा, आपल्या भागात सायकल खांद्यावर घेऊ देणारं एखादं दुकान हाय का? का आमी नुसतं पोस्टरच घेऊन पळायचं?