केल्स्टनचा फर्मा आणि पहिला खिळा

शिवणाच्या मशिनखाली रोज कातरणं साचतात. संध्याकाळी झाडून काढावीत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. किश्शांचंही तसंच आहे. गाड्यांची सीट कव्हरं शिवायच्या दुकानात मी इतकी वर्षं काढली, की सुरतेत आमच्या डिंडोलीतल्या बायका भाजी निवडायला एकत्र बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "ती केल्स्टनची गोष्ट सांगा ना." मी म्हणते, एक कुठली? त्या गाडीने माझ्याकडे पोतंभर टाकून ठेवल्यात. बायका हसतात. मला मात्र तेव्हा हसू येत नव्हतं, हे आधीच सांगते.

दुकान उधना रोडवर, मालक जयंतीभाई. मी मूळची अमळनेरची, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन सुरतेत आले, काही वर्षं घरी साड्यांना टिकल्या लावल्या, मग या दुकानात मशिनवर बसले. आमच्याकडे प्रत्येक गाडीचा फर्मा असे, म्हणजे सीटच्या मापाने कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे. ते दोरीत ओवून भिंतीवर खिळ्याला टांगलेले. खिळे सात. जी गाडी सगळ्यात जास्त खपते तिचा फर्मा पहिल्या खिळ्यावर, कटिंगच्या टेबलाला लागून. हात लांबवला की मिळाला पाहिजे. सातवा खिळा पार दाराच्या मागे. जयंतीभाई पेपर वाचत नसत, खिळे बघत.

फर्मे सगळे जुन्या मास्तरांनी कापलेले. मास्तर गावी गेले ते परत आलेच नाहीत, आणि नेमकी त्याच महिन्यात सुरतेत केल्स्टन आली. अमेरिकन गाडी, पण फार महागातली नाही. कापडाच्या व्यापाऱ्याला परवडेल आणि त्याच्या शेजाऱ्याला खुपेल, एवढीच. नवा फर्मा कापायला कुणी नव्हतं, म्हणून जयंतीभाईंनी कात्री माझ्या हातात दिली. कटिंगच्या टेबलावर बाई, हे उधना रोडवर कुणी पाहिलं नव्हतं. शेजारचा टायरवाला चार दिवस काही ना काही निमित्त काढून डोकावून जायचा.

*

पहिली केल्स्टन आली ती रमणिकभाईंची. रिंग रोडच्या मार्केटमध्ये त्यांचं साड्यांचं दुकान. मी कागद, खडू, टाचण्या घेऊन मागच्या सीटवर चढले, तर सीटवर कंपनीचं प्लास्टिक. म्हटलं, हे काढावं लागेल, नाहीतर माप बरोबर येणार नाही.

रमणिकभाईंनी हात जोडले. "बेन, प्लास्टिक काढता नहीं."

मी समजावून सांगितलं की कव्हर घसरेल. घसरू दे, म्हणाले, सीट तर नवी राहील. जयंतीभाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. घातलं प्लास्टिकवर कव्हर.

आठ दिवसांनी रमणिकभाई त्यांच्या आईला, बांना, घेऊन हजर. ब्रेक लागला की बा कव्हरासकट सरकत सीटखाली येत होत्या. देवळात पोचेपर्यंत तीनदा आल्या. मी म्हटलं, आता तरी प्लास्टिक काढू या. रमणिकभाईंनी खरोखर विचार केला. बांकडे बघितलं, सीटकडे बघितलं, पुन्हा बांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "बांना धरून ठेवेल असा एखादा पट्टा शिवून द्या ना."

दिला शिवून. मखमलीचा.

*

मग केल्स्टन वाढतच गेल्या. ज्याच्या शेजाऱ्याने घेतली त्याने घेतली, त्याच्या साडूने घेतली. माझा फर्मा चौथ्या खिळ्यावरून दुसऱ्यावर आला, आणि एका दिवाळीच्या आधी जयंतीभाईंनी स्वतः तो पहिल्या खिळ्यावर टांगला. मी घरी येताना पेढे घेतले. आमचे हे मिलमधून आलेले, पेढा तोंडात टाकून विचारतात, "गाडी तुनी शे का?" मी म्हटलं, गाडी नाही, पण खिळा माझा आहे. त्यांना काही कळलं नाही. पेढा मात्र आणखी एक घेतला.

*

आमच्या गल्लीतला नितीन केल्स्टनच्या शोरूममध्ये सेल्समन होता. तिशीचा, दोन मुलांचा बाप. गळ्यात टाय, मला काकू म्हणायचा. इंजिनावरचं दहा मिनिटांचं भाषण त्याने इंग्रजीत पाठ केलं होतं आणि ते आमच्या दुकानात चहा पिताना म्हणून बघायचा. गिऱ्हाईक ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचं, मग डिकी उघडून विचारायचं, "केटला ताका?" कापडाचे ताके किती बसतील ते सांग, बाकी राहू दे.

नितीन वैतागला. एका दुपारी माझ्याकडून जुन्या कापडाचे ताके उसने घेऊन गेला आणि डिकीत भरून मोजून आला. दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर, इंजिनाच्या चित्राखाली, पेनने लिहिलेलं असायचं: ताके बावीस.

त्यानंतर भाषण कधी पूर्ण करावं लागलं नाही.

*

गिऱ्हाइकांचं कापड हा माझ्या डोक्याला वेगळाच ताप. सुरतेत कापड विकत घेणं म्हणजे कमीपणा, ज्याची त्याची मिल. एक शेठ स्वतःच्या मिलचं कापड घेऊन आले: केशरी रंग, त्यावर ताटाएवढे गुलाब. मी हळूच सुचवलं की एवढा मोठा गुलाब सीटवर अर्धाच येईल. ते म्हणाले, मग दोन सीट मिळून एक आणा. तीन दिवस मी गुलाब जुळवत बसले.

गाडी न्यायला ते जोडीने आले. शेठाणी त्याच डिझाइनची साडी नेसून आलेल्या. कव्हर बघून खूश झाल्या आणि मागे जाऊन बसल्या. शेठांनी गाडी सुरू केली, आरशात बघितलं आणि गाडी बंद केली. खाली उतरून आमच्या दुकानात शिरले आणि मला विचारतात, "घरवाळी अंदर आवी?"

मी त्यांना दार उघडून दाखवलं. गुलाबांमध्ये नीट बघितलं तर चेहरा दिसत होता.

*

आता दिल्लीच्या साहेबांची गोष्ट. सुरतेत लोक सीटचं प्लास्टिक काढत नाहीत ही तक्रार कंपनीपर्यंत गेली असावी, कारण एक दिवस खास साहेब आले. सीटचं कापड आमच्या कंपनीची शान आहे, गिऱ्हाइकाला ते दिसलंच पाहिजे, गाडी ताब्यात देताना प्लास्टिक काढूनच द्यायचं, असा त्यांनी हुकूम दिला. नितीन म्हणाला, सर, इथे नाही चालणार. साहेबांनी त्याला शिस्तीवरून सुनावलं.

त्याच दिवशी एका हिरेवाल्याची डिलिव्हरी होती. कव्हर लगेच चढवायचं म्हणून मी आणि जयंतीभाई शोरूमलाच होतो. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून झालं, चाकाखाली लिंबू फुटलं, पेढे वाटले. गिऱ्हाइकाने किल्ली हातात घेतली. आणि साहेबांनी हसत हसत खिशातून ब्लेड काढलं, मागचं दार उघडलं आणि सर्रकन प्लास्टिक फाडलं.

हिरेवाल्याने आत वाकून बघितलं. मग किल्ली परत नितीनच्या हातावर ठेवली आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "आ तो हवे सेकंडहँड थई गई. नवी दाखवा."

*

उतार कधी लागला ते मला नेमकं सांगता येत नाही. कोरियन आणि जपानी गाड्या आल्या, छोट्या, स्वस्त, आणि त्यांचा प्रत्येक पार्ट कोपऱ्यावर मिळायचा. केल्स्टनचं काहीही मोडलं की उत्तर एकच: येतंय. एका गिऱ्हाइकाच्या खिडकीची काच दारात पडली ती वर येईना. शोरूमने महिनाभर थांबायला सांगितलं. घरात लग्न, गाडी उघडी कशी ठेवणार? जयंतीभाई म्हणाले, आमच्या बेन करतील काहीतरी. मी जाड रेक्झिनचा पडदा शिवला, मध्ये पारदर्शक चौकोन, बाजूने चेन.

चार महिन्यांनी काच आली. दहाव्या दिवशी तोच माणूस पुन्हा दुकानात. म्हणाला, काच फार वाजते, पडदाच परत लावून द्या.

मी पडदा लावत होते तेव्हा जयंतीभाईंनी केल्स्टनचा फर्मा पहिल्या खिळ्यावरून काढला आणि तिसऱ्यावर टांगला. मला सांगितलं नाही. मला दिसलं.

*

रिक्षातून जाता-येताना मी केल्स्टन मोजायला लागले. आधी डिंडोलीपासून दुकानापर्यंत पाच-सहा दिसायच्या. मग दोन. मग एकच, तीही ढकलत नेत असलेली.

नितीनचा पगार रखडला, मग शोरूम बंद पडलं आणि कंपनीनेच गाशा गुंडाळला. एक दिवस तो दुकानात आला, टाय तोच, पण टायवरची पिन वेगळी. समोरच्या बाजूच्या कोरियन शोरूममध्ये लागला होता. मी विचारलं, तिथे काय सांगतोस रे गिऱ्हाइकाला? त्याने घसा साफ केला आणि इंजिनावरचं दहा मिनिटांचं भाषण म्हणून दाखवलं. शब्द न् शब्द तोच. फक्त गाडीचं नाव बदललेलं.

म्हटलं, "आणि ताके?"

"नऊ," नितीन खाली बघून म्हणाला. "पण काकू, आता कुणी विचारत नाही."

*

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी बायका मला बसवून घेतात.

नव्या गाड्यांची कव्हरं दिल्लीहून तयार यायला लागली होती. खोक्यात बंद, वर गाडीचं चित्र. फाडा, चढवा, इलॅस्टिक ओढा. कापायचं काही नाही. खिळ्यांवरचे फर्मे एकेक करून धूळ खायला लागले आणि माझा फर्मा सातव्या खिळ्यावर गेला, दाराच्या मागे. दार उघडलं की तो दिसायचाही नाही.

एका शनिवारी जयंतीभाईंनी मला जवळ बोलावलं. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हते, फरशीकडे बघून बोलत होते. कटिंगचं टेबल सोमवारी काढायचं. तिथे खोकी रचायला लोखंडी घोडा येणार. मला हवं तर खोकी फोडून कव्हरं चढवायचं काम आहे, पगार थोडा कमी. नाहीतर घरी साड्यांचं काम तर असतंच.

"टिकल्यांचं," मी म्हटलं.

"हां, ते," ते म्हणाले.

माझं असं आहे की रडू आलं की मी कामाला लागते. टेबल पुसलं, खडूचे तुकडे डबीत भरले, कात्रीला तेल दिलं. मग दाराच्या मागून फर्मा काढला आणि दोरीसकट पिशवीत घातला. चोरी नाही. मीच कापला होता.

पिशवी खांद्याला लावून बाहेर पडणार तोच दुकानापुढे टेम्पो थांबला. पुढून रमणिकभाई उतरले. मागे टेम्पोत गाडी नव्हती, नुसत्या सीट होत्या: पुढच्या दोन आणि मागची लांब. माझीच कव्हरं त्यांच्यावर, उन्हाने विटलेली. बांचा मखमली पट्टाही तसाच लोंबत होता.

जयंतीभाईंनी विचारलं, गाडी कुठे आहे?

"भंगारात," रमणिकभाई म्हणाले. सहा महिने एका पार्टसाठी उभी होती. भंगारवाला आला, घेऊन गेला. पण सीट नवीन होत्या. नवीन वस्तू कुणी भंगारात देतं का? त्या त्यांनी काढून घेतल्या आणि दुकानात गादीच्या जागी मांडल्या. आता नागपूरचे, इंदूरचे व्यापारी येतात आणि त्यावर बसले की उठायचं नाव घेत नाहीत. बसून बसून शेवटी ऑर्डर देऊनच उठतात. ते बघून मार्केटमध्ये आणखी चार जणांनी आपापल्या केल्स्टनच्या सीट काढल्या. सगळ्यांना कव्हरं हवीत, आणि सगळ्यांना एकमेकांपेक्षा चांगली. जसजशी बाकीच्यांची गाडी बंद पडेल तसतसे आणखी येतील.

जयंतीभाई सवयीने खोक्यांकडे गेले. सगळ्या खोक्यांवरची चित्रं बघितली. केल्स्टनचं चित्र कुठे असणार? मग ते दाराच्या मागे गेले. सातवा खिळा रिकामा. तिथून वळून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

मी पिशवीतून फर्मा काढून दिला. त्यांनी त्याच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली, पहिल्या खिळ्यावर टांगलेलं काय होतं ते काढून बाजूला ठेवलं, आणि फर्मा तिथे टांगला. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, सीट आत घ्या, टेबलाजवळ. सांभाळून, टेबलाला धक्का लागू देऊ नका.

मी पिशवी खाली ठेवली. मागच्या सीटवरचं जुनं कव्हर उतरवलं. खाली प्लास्टिक, थोडं पिवळं पडलेलं, आणि त्याच्या खाली सीट, कारखान्यातून निघाली तशीच. इतक्या वर्षांत मी त्या कापडाचा रंग कधी नीट बघितला नव्हता. करडा होता, त्यात बारीक निळी रेघ. छान होता.

म्हटलं, आता गाडी नाही, ब्रेक नाही, कंपनीसुद्धा नाही. निदान या वेळी तरी माप बरोबर घेऊ. मी कात्री उचलली.

रमणिकभाईंनी हात जोडले.

"बेन, प्लास्टिक काढता नहीं."