राक्षसाच्या चेहऱ्यावर तीन अंक

डोंबिवलीत रत्नदीपचं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जायचं. त्याचा हात हलत नाही. एकोणीस वर्षं त्यानं लग्नांचं शूटिंग केलं. मानपानावरून मामेमंडळी हमरीतुमरीवर आली, एकदा तर स्टेजच खचलं, पण रत्नदीपची फ्रेम ढळली नाही. जो समोर येईल त्याला पायापासून डोक्यापर्यंत दाखवायचं, चेहऱ्यावर थांबून मनात तीन अंक मोजायचे, मग पुढचा. आणि काहीही होवो, कॅमेरा मध्येच बंद करायचा नाही.

आता याच हातानं त्याचं नाक कापलं जात होतं.

त्याची भाची पायल ठाण्याच्या कॉलेजात शिकत होती आणि राक्षसाचा सिनेमा काढत होती. एक कामगार कारखान्यात अडकतो, मागे राक्षस लागतो, आणि त्याच्या हातातल्या मोबाईलला जे दिसेल तेवढाच सिनेमा. म्हणजे चित्र धापा टाकणारं हवं. राक्षस धड दिसायला नको. मोबाईलवर शूट करायचं हे काम रत्नदीपनं स्वतःहून मागून घेतलं होतं. ज्याच्या शेवटी जेवणाची पंगत नाही असं काहीतरी आयुष्यात एकदा तरी शूट करावं, एवढीच त्याची हौस.

वागळे इस्टेटमधला एक पुठ्ठ्याचा कारखाना शुक्रवारच्या सुट्टीमुळे पाच वाजेपर्यंत मिळाला होता. तिथला वॉचमन सहदेव काळी ताडपत्री आणि थर्मोकोलचं डोकं चढवून राक्षस झाला. पहिल्याच टेकला तो जिन्यावरून गुरगुरत उतरला. रत्नदीपनं त्याला पायांपासून दाखवत वर नेलं आणि चेहऱ्यावर तीन अंक मोजले.

"मामा, राक्षस आहे तो," पायल म्हणाली. "नवरी नाही."

दुसऱ्या टेकला त्यानं मुद्दाम हात हलवला, तर पाळणा हलवल्यासारखं दिसलं. तिसऱ्यानंतर पायल चिडली नाही, हळू आवाजात बोलली, आणि तेच त्याला जास्त लागलं. लिफ्टचा सीन जमला नाही तर मोबाईल विनीतकडे जाणार होता. विनीत तिच्या वर्गातला. त्याचा हात वडापाव खातानाही हलायचा, त्याला वेगळी तयारी नकोच होती.

रत्नदीप आणि राक्षस मालाच्या लिफ्टमध्ये शिरले. जाळी ओढली. मोबाईलची बत्ती लावून रत्नदीपनं शूटिंग सुरू केलं. शुक्रवारी इस्टेटमध्ये दुरुस्तीसाठी वीज जाते हे सहदेवला चांगलं ठाऊक होतं, पण राक्षसाचं काम मिळाल्यापासून तो वॉचमन असल्याचंच विसरला होता. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. जाळीपलीकडे नुसती भिंत.

सहदेव आधी हसला. मग डोकं काढायला गेला आणि निघेना. सुटू नये म्हणून पायलनं ते ताडपत्रीला चिकटपट्टीचे सात वेढे देऊन बसवलं होतं.

"दादा, काढा हे," आतून घुसमटलेला आवाज आला. "श्वास घेता येत नाय."

रत्नदीप एका हातानं पट्टी ओरबाडू लागला. दुसऱ्या हातातला मोबाईल सवयीनं चालूच होता. सहदेव जाळीवर डोकं आपटू लागला, मग त्यानं रत्नदीपचं मनगट घट्ट धरलं. मोबाईलच्या पडद्यावर भिंत, जाळी, थर्मोकोलचा एक सुळा, स्वतःचीच चप्पल, पुन्हा भिंत. रत्नदीपच्याही छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. भिंत जवळ सरकतेय असं वाटायला लागलं. शेवटी त्यानं पट्टी दातांनी तोडली. आतून घामानं निथळणारा, रडवेला सहदेव निघाला. मग वीज येईपर्यंत दोघं पाऊण तास एकमेकांचा हात धरून बसले.

खाली आल्यावर पायलनं ते चित्रण दोनदा बघितलं. त्यातला राक्षस कुणाच्याच मागे लागला नव्हता. त्याला फक्त बाहेर पडायचं होतं, आणि मोबाईल धरणारा माणूस त्याला "थांब रे, थांब," म्हणत स्वतःच रडकुंडीला आला होता. विनीतनं मोबाईलसाठी हात पुढे केला. तिनं दिला नाही. तिनं सहदेवला विचारलं, हे ठेवू का? तुमचं रडणं ऐकू येतंय. डोकं निघायच्या आधीच सीन कापते.

सहदेवनं चहाचा घोट घेतला. "रडतोय तो राक्षस," तो म्हणाला. "मी कुठं दिसतोय?"

साडेचार वाजले होते. जिन्याचा सीन पुन्हा घ्यायचा होता. पायलनं मोबाईल मामाच्या हातात दिला. त्याचा हात अजून थरथरत होता.

"लवकर घे गं," रत्नदीप म्हणाला. "थांबायच्या आत."