उंबऱ्यावरचं शेवटचं बोट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या धरणगावच्या घरी उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढून पितरांची नावं घेतात. शेवटचं बोट मडमचं. ती आयर्लंडहून येऊन गावात दवाखाना चालवणारी बाई होती, एवढंच मला ठाऊक होतं.

मी बी.ए. झालो त्या वर्षी नेमकी आखाजीलाच तिच्या भावाची पणती तिचा माग काढत आमच्या दारात आली. घरच्यांनी शेतात राबून शिकवलेला, इंग्रजी येणारा मी एकटाच. तिने विचारलं, "ती इथं एकटीच वारली का? तुम्ही तिचे कोण?"

मी गोंधळून आत्याला विचारलं, "अक्का, आपलं तिच्याशी नातं काय?"

"तुना आजानी माय बाळंतपणमा गयी. मडमनीच त्याले लहानाना मोठा करा. आते तूच सांग, कोण व्हयनी ती?"

रक्ताची नाही म्हणावं, की पणजी म्हणावं? माझं इंग्रजी तिथंच अडलं. अक्काने कुंकवाची वाटी पाहुणीपुढे सरकवली. "शेवटलं बोट आज तू वढ, माय."

तिने ओढलं. तेव्हा कुठे मी म्हणालो, "नाही, एकटी नव्हती." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.