जीपखालचं चाक

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझ्या रागाची खोड जाता जाता दादाला घेऊन गेली असती.

फौजेच्या लिलावातली जुनी जीप आम्ही दोघा भावांनी रहिमतपूरला आणली होती, चारही चाकांना ताकद असलेली. दादा फौजेतून नुकताच रिटायर झालेला. सगळी नोकरी गाड्यांवरच गेली. मी भरतीला तीनदा गेलो आणि तीनदा घरी आलो.

मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलायचं होतं. मागच्या दोन चाकांमधल्या त्या लोखंडी गोळ्याला ऑइल सोडायचा बोल्ट खाली, भरायचा वर. दादा म्हणाला, "आदी वरचा खोल. त्यो गंजून बसला आसंल तर खालनं ऑइल सोडून भरशील कुठनं?"

त्यानं सांगितलं म्हणूनच मी खालचा खोलला. काळं, जळक्या वासाचं ऑइल पाटीत पडलं. वरचा काही हलेना. पाना लावला, पान्याला पाइप लावून लोंबकळलो, शेवटी हातोड्यानं बडवला. बोल्टच्या कडा गेल्या आणि माझ्या बोटांची सालटं निघाली.

हात पोचावा म्हणून दादानं जीप जॅकवर उचलून मागचं एक चाक काढलं आणि तेच आडवं करून चेसिसखाली सरकवलं. "जॅकवर इस्वास ठिवायचा नसतो," म्हणाला.

"एवढा भितोस, मग बॉर्डरवर काय केलंस?" मी हसलो.

तो छिन्नी-पाना घेऊन खाली गेला. खालूनच म्हणाला, "तुला फौजेनं का घेतलं न्हाई, ते आज कळलं."

मी जॅकला लाथ घातली.

पाय घसरला नव्हता. त्याचे गुडघे मला समोर दिसत होते. त्या घटकेला तो मरायला हवा होता मला. जीप खाली आली, आडव्या चाकावर आदळली आणि तिथंच थांबली. धूळ बसेपर्यंत काही ऐकू आलं नाही. मग तो खोकला.

सरपटत बाहेर आला तेव्हा शर्ट फाटला होता, छाती रक्तानं भरली होती, पाना हातातच होता. तो त्यानं माझ्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी पडलो, तर पोटात लाथा घातल्या, दम लागेपर्यंत. मी हात उचलला नाही. तो मारतोय म्हणजे जिवंत आहे, एवढंच डोक्यात होतं आणि मला बरं वाटत होतं.

वहिनी धावत आली. "जॅक घसरला," दादा म्हणाला. "दोगांला बी लागलं." वहिनीनं पान्याकडं पाहिलं.

आता ऑइल बदलायचं असलं की खाली मी जातो. वरचा बोल्ट आधी खोलतो. दादा जॅकपाशी बसतो. चेसिसखाली चाक मी मुद्दाम ठेवत नाही. त्याच्या मनात असेल ते त्यानं करावं. दर वेळी तो उठतो, स्टेपनी आणून माझ्या छातीशेजारी सरकवतो, आणि परत जॅकपाशी जाऊन बसतो.