गाडी येतीय की!

चौकशीच्या खिडकीशी कुणी आलं, की मास्तर आधी त्याच्या हातातली पिशवी बघायचे, मग तोंड बघायचे आणि म्हणायचे, "येतीय की!" कुठली गाडी, हे समोरच्यानं अजून विचारलेलंही नसायचं.

सोलापूरच्या स्टँडवर बार्शीच्या, माढ्याच्या किंवा दुधनीच्या गाडीसाठी तुम्ही कधी अर्धा दिवस बाक गरम केला असेल, तर तो आवाज तुमच्याही कानावर पडला असणार. तुम्ही त्याला शिव्याही घातल्या असतील. घातल्या असतील तर त्या पोचल्या, याची साक्षीदार मी आहे. शेजारच्या खिडकीत मी पास काढून द्यायला बसायचे. मधे प्लायवूडची भिंत होती आणि तिला एक भलं मोठं भोक होतं. त्यातून चहाचा कप इकडून तिकडं जायचा आणि त्यांना पडणाऱ्या शिव्या तिकडून इकडं यायच्या.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यांची उमेदीची सगळी वर्षं दुधनीच्या रस्त्यावर तिकिटं देण्यात गेली, गुडघे कामातून गेले, तेव्हा कंट्रोलर म्हणून केबिनमध्ये बसवलं. पण नाव तेच राहिलं आणि सवयीही त्याच राहिल्या. खुर्चीतून उठले की त्यांचा हात आपोआप वर जायचा, गाडीतला दांडा धरायला. केबिनमध्ये कुठला दांडा? हात क्षणभर हवेत राहायचा आणि डोकं खाजवून परत यायचा. मी भोकातून बघून हसले की म्हणायचे, "हसा बाई. तुमचे गुडघे जाऊ द्यात, मग कळंल."

घरात त्यांच्या कन्नड, बाहेर मराठी, आणि स्टँडवर शहराच्या पूर्वभागातल्या, विणकर वस्तीतल्या बायकांशी बोलता बोलता तेलुगूही शिकलेले. दुधनीकडच्या माणसाला "बरतदरी", पूर्वभागातल्या बाईला "वस्तुंदम्मा" आणि उरलेल्यांना "येतीय की". नाही म्हणायला मात्र त्यांना एकाही भाषेत जमत नसे.

एकदा बार्शीची गाडी रद्द झाल्याचा फोन माझ्यासमोर आला. फोन ठेवून त्यांनी माइकवर नखानं टकटक केलं, तो बाहीनं पुसला आणि गाडी येत असल्याचं सांगून टाकलं.

"मास्तर, अहो रद्द झालीय ना?"

"बाई, घरी पाव्हणा आला अन् चूल पेटलेली नसली, म्हणून त्याला दारातनंच लावून देता व्हय? बसा म्हणायचं. पानी द्यायचं. तवर कायतरी हुतंयच की."

आणि त्यासाठी ते खरोखर धडपडायचे. लंगडत वर्कशॉपला जायचे, मेकॅनिकला कन्नडमध्ये गोंजारायचे, मराठीत पाया पडायचे. कुठलीतरी गाडी जोडून घेऊन यायचे. माढ्याची पाटी पुसून तिच्यावर खडूनं बार्शी लिहायचे. त्यामुळं त्यांचं 'येतीय की' पुष्कळदा खरं व्हायचं आणि ती सवय त्यांना कधी सोडता आली नाही. सगळ्या स्टँडलाच तो शब्द लागला होता. चहा कुठं राहिला? येतीय की. पगार? येतीय की.

लाज हा त्या माणसाचा खरा रोग. गाडी बंद पडली की त्यांना वाटायचं, आपल्याच घराचं छप्पर गळतंय आणि ते गावानं बघितलं. फाटलेली सीट, दोरीनं बांधलेलं दार, असलं काही फलाटाला लागलं की ते मान खाली घालून रजिस्टर चाळायला लागायचे. उतारूंना उतरून गाडी ढकलायची वेळ आली, तर केबिनचं दार आतून लावून घ्यायचे. "म्हातारी मानसं गाडी ढकलत्यात बाई. लई लाज वाटती."

या लाजेनंच त्यांचा घात केला.

उन्हाळा होता. सकाळी एक म्हातारी खिडकीशी आली. अंगावर इरकल, कपाळाला विभूती. शहरात मुलाकडं राहायची, मुलगा कामाला कुठं लांब गेलेला, म्हणून एकटीच निघालेली. दुधनीच्या अलीकडं तिचं माहेर. "भाऊ गेला माझा," ती म्हणाली. "सांजच्या आत माती हाय. गाडी हाय का?"

त्यांच्याकडं पुरण्याची रीत. सूर्य मावळायच्या आत माती द्यायची, आणि पाठच्या बहिणीनं तोंड बघितल्याशिवाय उचलायचं नाही. मास्तर तिच्याच समाजातले, त्यांना हे सांगायला नको होतं. गाडी वर्कशॉपमध्ये उघडून पडलीय, हेही त्यांना ठाऊक होतं. पण भावाच्या मातीला निघालेल्या बाईला गाडी नाही म्हणायचं? त्यांची जीभच उचलेना. म्हणाले, "बसा अक्का. येतीय की." स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला दिलं आणि वर्कशॉपकडं निघाले.

ऊन चढलं. स्टँडबाहेर वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपवाल्यानं अक्कलकोट, दुधनी म्हणून हाळी दिली. म्हातारी उठली. "मास्तर, वडापनं जाऊ का?"

"वडापचं काय खरं हाय, अक्का? भरल्याबिगर निघत न्हाय, वाटंत कुटं बी थांबतंय. बसा. गाडी सुटायलाच आलीय."

ती बसली. मग तिच्या भाच्याचा फोन आला, आत्या कुठं आहेस म्हणून. तिला नीट सांगता येईना, तिनं फोन खिडकीतून मास्तरांच्या हातात दिला. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. मास्तर फोनमध्ये म्हणाले, "बरतदरी, बरतदरी," आणि पुढं बरंच काही. मला तेवढं कन्नड कळतं. गाडी निघालीच आहे, अक्कानं तोंड बघितल्याशिवाय माती करू नका, असं ते सांगत होते.

दुपार कलल्यावर त्यांनी कुठूनशी एक गाडी मिळवलीच. म्हातारीला हाताला धरून चढवलं, खिडकीशी बसवलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. घाम पुसत परत आले. "बगा बाई, आली का न्हाय?" इतका खूश झालेला माणूस मी त्या स्टँडवर क्वचितच पाहिला.

काही दिवसांनी म्हातारी परत आली. बरोबर भाचा होता. खिडकीशी येऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"मास्तर, मी पोचले तवर माती लोटून झाली हुती."

मास्तर उठले. हात वर गेला.

"तुमी न्हाय म्हणला असता तर मी वडापनं गेले असते. ते बी नसतं गावलं तर चालत सुटले असते. तुमी येतीय म्हणला, म्हून बसले. घरातली बी तुमी म्हणला म्हून थांबली. दिवस बुडायला आला, मग काय करत्याल?"

एवढं बोलून ती भाच्याचा हात धरून निघून गेली. मास्तर दार उघडून बाहेर आले, पण त्या गुडघ्यांनी कुणाला गाठता येणार? फलाटाच्या मधोमध उभे राहिले, गाड्या हॉर्न मारत राहिल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस भोकातून नुसते कप ये-जा करत राहिले. एका सोमवारी रजा टाकून ते तिच्या माहेरी गेले. मातीच्या जागेवर बेल वाहून आले. म्हातारी नेमकी तिथंच होती. मी विचारलं, "मग? माफ केलं का तिनं?"

"इचारलंच न्हाय. कुटल्या तोंडानं इचारू? तिनं च्या केला. पिलो." रिकामा कप भोकातून सरकवत म्हणाले, "पितानी लई लाज वाटली, बाई."

पुढं ते दरवर्षी जात राहिले. जे विचारायचं ते कधी विचारलं नाही, एवढं मला माहीत आहे.

आणि 'येतीय की' संपलं. गाडी येणार असेल तर माइकवर सांगायचे. नसेल तर केबिनमधून उठून बाहेर यायचे, बाकापाशी जायचे, एकेकासमोर उभं राहून हात जोडायचे आणि म्हणायचे, "न्हाय येत. थांबू नका. दुसरं कायतरी बगा." नव्यानं आलेल्या पोरसवदा कंट्रोलरला त्यांनी हेच शिकवलं. "न्हाय म्हणायला माइक वापरायचा न्हाय. उटून जायाचं. त्याचं तोंड बगून सांगायचं."

तुम्हाला वाटेल, लोकांनी दुवा दिला असेल. छे! आशा दाखवणाऱ्याला लोक निदान दुपारपर्यंत तरी जवळचा मानतात. आता सकाळी सकाळीच शिव्या पडायला लागल्या. वरून साहेबांनी बोलावून झाडलं, आपले उतारू वडापला पाठवता म्हणून. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. झालेलं सांगितलं असतं तर साहेबही गप्प झाले असते. पण ते सांगायचं म्हणजे ती म्हातारी पुन्हा समोर उभी करायची. नाही सांगितलं.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, पेढे, सगळं रीतसर झालं. भाषणांच्या मधेच कुणीतरी ओरडलं, "मास्तर, पेन्शन कधी?" आणि सगळी खोली एका सुरात म्हणाली, "येतीय की!" हशा पिकला. तोंडात पेढा होता, तरी मीही हसले. हसता हसता त्यांच्याकडं बघितलं. ते मांडीवरच्या नारळाकडं बघत बसले होते. बोलायला उभं केलं तेव्हा म्हणाले, "लई जनांना बसवून ठिवलं. तेवढं पोटात घाला," आणि खाली बसले. लोकांना तोही विनोद वाटला. टाळ्या पडल्या. त्या पेढ्याची चव मला अजून आठवते, आणि ती चांगली नाही.

यंदा त्यांच्या मुलाचा फोन आला. रात्रीत गेले, आज माती आहे, दिवस मावळायच्या आत. त्यांचं गाव त्याच दुधनीच्या रस्त्यावर, त्याच गाडीचं. मी स्टँडवर आले आणि जिथं इतकी वर्षं लोकांना बसलेलं बघत होते त्या बाकावर बसले. मोबाइल हातात धरून. मुलाला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. येते म्हणाले असते तर तो थांबला असता.

केबिनचं दार उघडलं. तो पोरसवदा कंट्रोलर, आता पोरसवदा राहिलेला नाही, बाहेर आला. चालत माझ्यापर्यंत आला, समोर उभा राहिला, हात जोडले.

"बाई, न्हाय येत. थांबू नका."

त्याचे डोळे भरले होते. त्यालाही जायचं होतं, पण ड्यूटी सोडता येत नव्हती. मी वडाप पकडलं. ते भरल्याशिवाय निघालं नाही, वाटेत कुठंही थांबलं, मास्तर म्हणायचे तसंच. पण पोचलं.

अंगणात मास्तरांना बसवलं होतं, त्यांच्यात बसवूनच नेतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठ ताठ. खिडकीमागं बसायचे तसेच बसले होते. आत्ता माझी पिशवी बघतील, मग तोंड बघतील, असं वाटलं. मी त्यांचं तोंड बघून घेतलं.

मळ्याच्या कडेला खड्डा खणला होता. ओळीनं सगळे मूठमूठ माती टाकत होते. मी वाकून माती उचलली, तेव्हा पलीकडची एक खूप थकलेली म्हातारी माझ्यासाठी बाजूला सरली. इरकल, हातात काठी. मी ओळखलं. तिनंही मला खिडकीवरून ओळखलं असावं.

"वडापनं आला?" तिनं विचारलं.

"हो."

"मी बी." मुठीतली माती तिनं अजून टाकली नव्हती. खाली, मास्तरांकडं बघत ती म्हणाली, "येळंत पोचलो बगा, मास्तर," आणि मग मूठ उघडली.